दुसरं बाळ घरी येताना थोरल्याचं काय करायचं: सातव्या महिन्यापासून सव्वा महिन्यापर्यंत

दुसऱ्या बाळंतपणात घरचे सगळे एक काम फार उत्साहाने करतात: थोरल्याला आईपासून लांब नेतात. काका रंकाळ्यावर फिरवून आणतो, आत्या स्कूटीवरून आइस्क्रीम खायला नेते, आज्जी आपल्याजवळ झोपवते आणि मामा तर महिनाभर कागलला नाहीतर गडहिंग्लजला घेऊन जायला तयारच असतो. हेतू चांगलाच आहे, बाळंतिणीला विश्रांती मिळावी. पण पोराला काय दिसतं? बाळ आलं आणि त्या दिवसापासून जो तो आपल्याला आईजवळून उचलतोय.

म्हणून मदत उलटी करायची. रोज ठरलेला थोडा वेळ बाळाला दुसऱ्याने घ्यायचं आणि आईला थोरल्यासाठी मोकळं सोडायचं. खाली जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. थोरला साधारण दीड ते सात वर्षांचा आहे असं धरलं आहे. थोरली असेल तरी कामं तीच.

सातवा-आठवा महिना: बदल आधीच उरकून घ्या

बाळामुळे थोरल्याच्या आयुष्यात जे बदलणार आहे, ते बाळ यायच्या किमान दोन महिने आधी बदलून टाका. ते जमत नसेल तर बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत तो बदल हातात घेऊ नका. झोपायची जागा, दुधाची बाटली सोडवणं, शी-शूची सवय, नवी बालवाडी, सगळ्याला हाच नियम. सातव्या महिन्यापर्यंत चड्डीची सवय लागली नसेल तर सोडून द्या. घाईघाईत लावलेली सवय बाळ आल्यावर आठवड्यात मोडते आणि मग घरात रोज त्यावरून आरडाओरडा.

एका कागदावर सकाळपासून रात्रीपर्यंत थोरल्याची फक्त आईच करते अशी कामं लिहून काढा. उठवणं, आंघोळ, वेणी, डबा, शाळेत सोडणं, जेवण भरवणं, झोपवणं. प्रत्येक कामासमोर दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहा आणि आठवड्याला एक याप्रमाणे काम त्या माणसाकडे द्या. आधी शाळेत सोडणं, मग आंघोळ, झोपवणं सगळ्यात शेवटी, कारण तेच सगळ्यात अवघड जातं. पहिल्या आठवड्यात आई शेजारी पडून राहील आणि गोष्ट बाबा सांगेल. पुढच्या आठवड्यात आई खोलीतच, पण खुर्चीवर. तिसऱ्या आठवड्यात बाहेर. पोर रडलं तर बाबाने तिथेच बसून समजूत काढायची. दर रडण्याला आई आत आली तर तीन आठवडे वाया जातात.

थोरल्याचाच पाळणा, कुंची, दुपटी पुन्हा वापरणार असाल तर आताच माळ्यावरून खाली काढा. त्याचे त्या पाळण्यातले फोटो दाखवा, दोन दिवस त्यात खेळू द्या. त्याला अजून बसायचं असेल तर बसू द्या. बाळ आल्याच्या दिवशी हीच वस्तू “सोड, ती बाळाची आहे” म्हणून हिसकावली की भांडण तिथूनच सुरू होतं.

कधी सांगायचं? तीन वर्षांखालच्या पोराला महिने कळत नाहीत. पोट दिसायला लागल्यावर सांगा आणि तारीख सणाला बांधा: “गणपती गेले की बाळ येईल”, “जोतिबाची यात्रा झाली की”. बाळ काय करतं तेही खरं सांगा. झोपतं, रडतं, दूध पितं, शी करतं. “तुझ्याशी खेळायला बाळ आणतोय” ही थाप पहिल्याच दिवशी उघडी पडते.

“तुला भाऊ पाहिजे की बहीण?” हे विचारणं बंद करा. थोरली मुलगी असेल आणि येणारी-जाणारी माणसं तिच्या तोंडून “भाऊच” वदवून घेत असतील, तर तिथल्या तिथे थांबवा. आपण पुरेशा नव्हतो म्हणून दुसरं आणतायत, एवढं चार वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं.

बाळंतपण माहेरी की इथेच? माहेर परगावी असेल आणि थोरला बालवाडीत असेल तर त्याला बरोबर न्या. बालवाडी दोन महिने बुडाल्याने काही बिघडत नाही. पहिली-दुसरीतला असेल तर शक्यतो आईनेच इथे राहावं आणि आज्जीने यावं. “बाळंतपण होईपर्यंत गावाला ठेवू” हा सगळ्यात वाईट पर्याय. पोर परत येतं तेव्हा त्याच्या जागेवर बाळ झोपलेलं असतं.

दवाखान्यातले दिवस

नॉर्मल डिलिव्हरीला साधारण दोन दिवस, सिझरला चार-पाच दिवस धरून चाला. तेवढ्या रात्री थोरला ज्याच्याजवळ झोपणार, त्याच्याजवळ नवव्या महिन्यात दोन-तीन रात्री झोपवून बघा. शक्यतो स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच अंथरुणावर. कळा रात्री सुरू होऊ शकतात, म्हणून आधीच सांगून ठेवा: “तू झोपलेला असताना आई दवाखान्यात गेली तर सकाळी आज्जी असेल, आणि संध्याकाळी बाबा तुला घेऊन येतील.” डोळा चुकवून सटकू नका. नंतर महिनाभर पोर आईला संडासलाही एकटी जाऊ देत नाही.

कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की खासगी दवाखाना, वॉर्डात लहान मुलांना सोडतात का ते नाव नोंदवतानाच विचारा. सोडत नसतील तर आई चालायला लागल्यावर खाली व्हरांड्यात दहा मिनिटं भेटवा. व्हिडिओ कॉलने दोन-तीन वर्षांची मुलं पुष्कळदा जास्तच बिथरतात. करायचा तर दोन मिनिटांत आटपा.

पहिली भेट नातेवाइकांच्या गर्दीआधी व्हावी. थोरला खोलीत येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू द्या आणि आईचे दोन्ही हात मोकळे. आधी आईने त्याला जवळ घ्यायचं, शाळेत काय झालं ते विचारायचं. बाळाचा विषय त्याने काढला की मग बाळ दाखवायचं. त्याने बघितलंच नाही तरी चालेल, “पापी घे, पापी घे” करू नका. सिझर झालं असेल तर पोर अंगावर झेप घेणार हे गृहीत धरून पोटावर उशी ठेवा. निघताना आईची ओढणी किंवा रुमाल त्याच्याकडे द्या. रात्री तो त्याच्या उशाशी चालतो.

घरी येताना बाळ आत्याच्या किंवा आज्जीच्या हातात आणि आईने थोरल्याचा हात धरलेला. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात तेव्हा बाळ-बाळंतिणीबरोबर थोरल्यालाही उभं करा. त्याच्यावरूनही ओवाळा. खर्च शून्य, आणि पोर ते विसरत नाही.

सव्वा महिना: दिवस कसा बसवायचा

नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पितं. एका वेळेला वीस ते चाळीस मिनिटं. म्हणजे आईचे रोजचे चार ते सहा तास, कधी त्याहून जास्त, एकाच जागी जातात. थोरल्याची कटकट बहुतेक याच तासांत होते. त्यामुळे सगळी ताकद इथे लावा.

आई जिथे बसून पाजते तिथे एक टोपली ठेवा. तीत पाच-सहा गोष्टी: स्टिकर, रंगीत खडू आणि वही, चित्रांचं पुस्तक, जुन्या बांगड्या आणि त्या ओवायला दोरी, एखादी गाडी, छोट्या डब्यात खाऊ. ही टोपली फक्त पाजताना उघडायची, एरवी वर ठेवायची. दिवसभर हाताशी राहिली की चौथ्या दिवशी तिला कोणी विचारत नाही. दर आठवड्याला दोन वस्तू बदला. खाऊ म्हणून केळ्याचे काप, राजगिऱ्याची वडी, बी काढलेला खजूर. भडंग घरात असतोच, पण चार वर्षांखालच्या पोराला त्यातले अख्खे शेंगदाणे देऊ नका, फुटाणेही नको. घशात अडकतात, आणि आई पाजत असताना तिला पटकन उठताही येत नाही.

दुसरी जागा शाळेतून आल्यावरची. रिक्षा साडेबाराला येत असेल तर बाराला बाळाला पाजून घ्या. रिक्षाचा हॉर्न वाजला की आज्जीने बाळ घेऊन दुसऱ्या खोलीत जायचं. पुढची पंधरा-वीस मिनिटं आई फक्त थोरल्याची, मोबाइल बाजूला. अशीच दहा मिनिटं सकाळी उठल्यावर आणि दहा रात्री झोपताना. तीन वेळा मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं होतात. जास्त जमलं तर उत्तमच. पण वेळ ठरलेली असणं लांबीपेक्षा महत्त्वाचं, कारण “दुपारी आई माझी आहे” हे माहीत असलेलं पोर अकरा वाजता थांबायला तयार होतं.

सिझर झालेल्या आईने सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पोर तर “घे ना” म्हणणारच. “नको, टाके आहेत” एवढंच सांगितलं तर त्याला फक्त ‘नको’ ऐकू येतं. आई पलंगाच्या कडेला बसेल, खाली पाट किंवा स्टूल ठेवा आणि “उचलत नाही, पण तू वर ये, कुशीत बस” म्हणा. त्याला बसायची बाजूही ठरवून द्या, म्हणजे टाक्यांना पाय लागणार नाही.

सकाळी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला बाई येतात तेव्हा घरात तासभर सगळं लक्ष बाळाकडे असतं. त्या बाईंनाच सांगा, आधी दोन मिनिटं थोरल्याच्या पायाला तेल लावा. मग तो टॉवेल धरेल, टोपडं आणून देईल. आंघोळीचं पाणी काढताना बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. कढत पाण्याचं पातेलं जमिनीवर आणि भोवती तीन वर्षांचं पोर, हा भाजण्याचा अगदी ठरलेला प्रकार आहे. बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. निखाऱ्याचा विषारी वायू दिसत नाही, धुराने दोन्ही पोरांच्या छातीला त्रास होतो. बाळाला शेकायचंच असेल तर खोली उबदार ठेवून अंगावर दुपटं पुरतं.

बोलताना बाळावर खापर फोडू नका. “बाळ झोपलंय म्हणून गप्प बस”, “बाळामुळे बागेत जाता येणार नाही”, अशी दिवसात दहा वाक्यं झाली की शत्रू कोण ते ठरून जातं. “आता हात गुंतलेत, ही बाजू झाली की येते” म्हणा आणि खरंच या. कधी कधी थोरल्याला ऐकू जाईल असं बाळाला सांगा: “थांब हं सोन्या, आधी दादाचं बटण लावते.” बाळाला अर्ध्या मिनिटाने काही होत नाही.

पोर खेळताना सारखं “शू!” करायचीही गरज नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळं घरातल्या नेहमीच्या आवाजात झोपतात. मिरवणुकीचा डॉल्बी मात्र वेगळा. रस्त्यावरच्या घरात राहत असाल तर त्या रात्री मागच्या खोलीत किंवा लांबच्या पाहुण्यांकडे मुक्काम हलवा.

झोपताना कोण कुठे

बाळ पाठीवर, कडक पातळ गादीवर, उशीशिवाय. राईची उशी, जाड रजई, तोंडावर येणारी कुंची नको. बाळाला वेगळी गादी किंवा पाळणा, आईच्या हाताच्या अंतरावर. थोरला आईच्या दुसऱ्या बाजूला किंवा बाबाकडे. बाळाशेजारी त्याला झोपवू नका. झोपेत पाय, पांघरूण, उशी कुठे जाईल याचा नेम नसतो. रात्री बाळाच्या रडण्याने थोरला उठला तर बाबाने उठायचं. दोघांनाही आईनेच बघायचं हा बेत तिसऱ्या रात्रीपलीकडे टिकत नाही.

बाळाला मारलं, चिमटा काढला तर

प्रेमाने गाल ओढणं आणि रागाने चिमटणं यांत दोन-तीन वर्षांच्या पोराला फारसा फरक करता येत नाही. त्यातून त्याने बाळाला हात लावला की सगळं घर धावत येतं, हे त्याला दोनदा दिसलं की तिसऱ्यांदा तो तेवढ्यासाठीच हात लावतो. म्हणून:

1. आवाज न चढवता त्याचा हात धरा. “मारू देणार नाही.” बस्स, एवढंच वाक्य.
2. बाळाला उचलून दुसऱ्याकडे द्या. आधी बाळाला कुरवाळत बसू नका.
3. थोरल्याजवळ बसा. “राग आलाय. मला हाक मार, ‘आई, मी’ म्हण, मी येते.” मग दिवसभर या हाकेला खरंच ओ द्या.
4. हळू हात कसा लावायचा ते आधी स्वतःच्या हातावर, मग बाळाच्या पावलावर करून दाखवा.

धपाटा दिला तर मोठ्याने लहानाला मारायचं असतं हेच तो शिकतो. आणि पाच वर्षांखालच्या पोराबरोबर बाळाला खोलीत एकटं ठेवू नका, दार वाजलं तरी. तुम्ही जाताना बाळ बरोबर न्या.

रागापेक्षा प्रेमातून होणारे अपघात जास्त सांभाळा. पाळण्याला जोरात झोका देणं, दुपटं तोंडावर ओढून ‘पांघरूण घालणं’, बाळ उचलायला जाणं. आणि भरवणं! शेंगदाणा, बिस्किटाचा तुकडा, पेढा. त्याला रोज एक वाक्य पाठ करून घ्या: “बाळाच्या तोंडात फक्त आईचं दूध.” मोठ्यांसाठीही तेच. सहा महिने पाणी, मध, गुटी काही नाही. मधाने तर वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

काम द्यायचं तर वयाप्रमाणे. दोन वर्षांचा लंगोट आणून देईल, चार वर्षांची झबलं निवडेल, गाणं म्हणेल. मांडीवर घ्यायचं असेल तर जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी, आणि बाळाच्या मानेखाली मोठ्याचा हात. मात्र “आता तू मोठा झालास” दिवसभर ऐकवू नका. तोही तीन वर्षांचाच आहे.

पुन्हा बाळ होणं

बोबडं बोलणं, बाटली मागणं, चड्डीत शू, “मला भरव”. हे बहुतेक घरांत होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. चेष्टा नको, रागावणं नको. दोन मिनिटं मांडीवर आडवं घेऊन “आमचं मोठं बाळ” म्हटलं की पुष्कळदा पोर स्वतःच उठून पळतं. अंगावरचं दूध मागितलं तर दचकू नका. एकदा चव बघून बरीच मुलं तोंड वाकडं करतात. अजून अंगावर पीत असेल तर पहिले काही दिवस आधी नव्या बाळाला पाजा. चीक त्याच्या वाट्याला जायला हवा.

अंथरूण ओलं होत असेल तर आधी शी रोज मऊ होते का ते बघा. बद्धकोष्ठ झालं तरी शू आवरत नाही. शू करताना जळजळ, ताप, किंवा एकाएकी खूप तहान आणि वजन उतरणं दिसलं तर हेव्याच्या खाती न टाकता लघवी आणि साखर तपासून घ्या.

शाळेतली सर्दी, पावसाळा आणि पाहुणे

थोरला शाळेतून आला की आधी साबणाने वीस सेकंद हात, कपडे बदलणं, मग बाळ. पापी फक्त पायाला; तोंडाला किंवा हाताला नाही. सर्दी-खोकला असेल तर बाळापासून लांब, पण आईपासून नाही: वर सांगितलेली पंधरा मिनिटं तेव्हाही द्या, नंतर आईने हात धुवावेत. कांजिण्या किंवा डांग्या खोकल्याची शंका आली तर बाळाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात लंगोट वाळत नाहीत हे सांगायला नको. किमान तीस लंगोट ठेवा, पंख्याखाली दोरी बांधा, ओलसर राहिलेले इस्त्री करून पूर्ण कोरडे करा. दमट कपड्याने बाळाचं अंग लाल होतं. थोरल्याला आणि आईलाही दूध उकळूनच द्या. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची हौस मोठ्यांनी वाटल्यास करावी.

पाहुण्यांना दारातच सांगायला एक माणूस नेमा: आधी थोरल्याशी बोला. “काय रं, आता तुझा पत्ता कट!” ही गंमत आपल्याकडे हमखास होते, आणि करणाऱ्याला वाटतं पोर हसतंय. तिथेच म्हणा, “नाही काका, त्याचा पत्ता हाच आहे.” पाचवीला आणि बारशाला थोरल्याला नवे कपडे, एक ठरलेलं काम (पेढे वाटणं, घुगऱ्या देणं) आणि गर्दीतून बाहेर न्यायला एक ठरलेला माणूस. नाव ठेवताना कानात कुर्रर्र करायला आत्याबरोबर तोही.

डॉक्टर कधी

बाळ: काखेत ताप ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त, अंग गार पडणं, पिणं सोडणं, जागं न होणं, मिनिटाला साठहून जास्त श्वास किंवा छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे, पाचव्या दिवसानंतर दिवसात सहापेक्षा कमी वेळा शू, नाळेभोवती लाली किंवा पू. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आई: तासाला एक पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, टाक्यातून पाणी. पहिल्या काही दिवसांत रडू येतं, ते आपसूक जातं. दोन आठवड्यांनंतरही उदासी, झोप उडणं, बाळ किंवा थोरला नकोसा वाटणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार आला तर तिला एकटीला सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या.

थोरला: दोन-तीन महिने होऊनही खाणं-झोप बसली नाही, येत असलेलं बोलणं बंद झालं, मारणं वाढतच गेलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे.

सव्वा महिना झाल्यावर

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळाची लस असते. त्याच दिवशी थोरल्याचं कार्डही काढून बघा. दीड ते दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर याच धांदलीत राहून जातो. इंजेक्शन त्यालाही असेल तर घरातून निघतानाच सांगा.

बाहेर पडायला सुरुवात थोरल्याच्या जागेपासून करा. पहिल्यांदा आई एकटीच त्याला शाळेत सोडायला जाईल किंवा टाऊन हॉलच्या बागेत अर्धा तास नेईल, बाळ घरी आज्जीकडे. चौघांनी एकदम निघायचं तर रिक्षा किंवा चारचाकी. बाबा पुढे, थोरला टाकीवर, आई मागे आणि मांडीवर बाळ, हे चित्र महाद्वार रोडला रोज दिसत असलं तरी तान्ह्या बाळाला दुचाकीवर न्यायचं नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. तो नियमच आहे.